‘बरं’च्या रकान्यात

“सूज आहे का?” ताईने विचारलं.

काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी गाल चाचपला आणि जरा निराश होऊन म्हणाले, “सूज तशी नाही.”

“ताप?”

“नाही.”

“रात्री झोपेतून उठवतं का दुखणं?”

“उठवत नाही. पण असतं हो. सारखं असतं.”

“मग पुढच्या मंगळवारी या. सकाळी.”

गृहस्थांना अजून काहीतरी सांगायचं होतं, पण ताईच्या चेहऱ्यावर असं काही गोड आणि पक्कं हसू होतं, की ते “बरंय” म्हणून निघून गेले. दातांच्या या दवाखान्यात ताई बरीच वर्षं रिसेप्शनला होती. सख्ख्या भावापासून ते पाण्याचे जार आणून टाकणाऱ्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. दवाखान्यात तिचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. माणसं दातदुखीने वेडीपिशी होऊन येत, टेबलावर हात आपटत, आणि ही हळू आवाजात त्यांना मंगळवार नाहीतर शुक्रवार देऊन मोकळी होई. डॉक्टर नव्या मुलींना सांगायचे, कसं बोलायचं ते ताईकडून शिका.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर मेसेज आला. तिने चष्मा नाकावर ओढून वाचला.

“आनंदाची बातमी! आपल्या कुटुंबीयांची प्रगती समाधानकारक असल्यामुळे त्यांची ‘सोबत’ सेवा या महिनाअखेर पूर्ण होत आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा!”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रगती? कुणाची प्रगती? सकाळी ती घरातून निघाली तेव्हा हे प्रगती झालेले कुटुंबीय खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, समोर अंडं गार होत होतं, आणि “खाऊन घे रे” असं चौथ्यांदा सांगितल्यावर त्यांनी मान हलवली होती. खाल्लं नव्हतंच. तिने मेसेज परत वाचला. शुभेच्छांच्या पुढे एक फुगा काढलेला होता. त्या फुग्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

---

कुटुंबीय म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून सगळे त्याला खटपट्या म्हणायचे, कारण घरातली एक वस्तू त्याने धड ठेवली नव्हती. रेडिओ उघड, घड्याळ उघड, शेजाऱ्यांच्या दारावरची बेल उघडून आत काय आहे ते बघ. बाबांच्या हातचा मार खाऊन खाऊन शेवटी तो त्याच कामात पोटाला लागला. लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातली कितीतरी माणसं रोज त्याच्या भरवशावर वरखाली करत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्याला त्याची फार मजा वाटायची.

मग एक दिवस तो एका इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करून घरी आला, हत्यारांची पेटी दाराशी ठेवली आणि म्हणाला, “उद्या नाही जात.” ताई म्हणाली, नको जाऊ, एक दिवस आराम कर. त्या उद्याचे आठ महिने झाले.

झालं काहीच नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. नातेवाईक फोन करून खोदून खोदून विचारत. कुणी मुलगी होती का? साहेबाशी वाजलं का? पडलाबिडला का कुठे? “काहीतरी घडल्याशिवाय असं होत नाही गं,” असं म्हणून मावशीने तर उलटतपासणीच घेतली. कारण असतं तर ताईने त्या कारणाची मानगूट धरून त्याला घराबाहेर काढलं असतं. पण कारण नव्हतं. तो फक्त हळूहळू बंद पडत गेला होता. आंघोळ कर म्हटलं की करायचा, जेव म्हटलं की चार घास खायचा, आणि बाकी वेळ त्या खुर्चीत. बाबांचं मत ठाम होतं. “दोन वेळा जेवतो, झोपतो, त्याला काय धाड भरलीये? आळस आहे नुसता.” आणि मग ते टीव्हीचा आवाज वाढवायचे, कारण कानाने त्यांना कमी ऐकू यायचं आणि मनाने त्याहून कमी ऐकायचं असायचं.

नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, गोळ्यांनी थोडं होईल, पण कुणीतरी याच्याशी नेमाने बोलायला हवं. म्हणून ताईने मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, “स्वतःला काही करून घेण्याबद्दल बोलतो का?”

“तो कशाबद्दलच बोलत नाही.”

“म्हणजे नाही. कुणाच्या अंगावर धावून जातो?”

“अहो, तो खुर्चीतून उठत नाही.”

“म्हणजे नाही. मग हे तातडीचं नाही ताई. काही बिघडलं तर लगेच आणा, रात्री-अपरात्रीसुद्धा आणा. नाहीतर वेटिंगला घालते.”

ताईने फोन ठेवला. सूज नाही, ताप नाही. आपलंच औषध आपल्याला कुणीतरी चमच्याने पाजावं तसं तिला झालं. आणि औषध कडूजहर होतं.

पुढचे कित्येक आठवडे तिचे टोलवाटोलवीत गेले. इथून तिथे, तिथून परत इथे. सगळीकडची माणसं प्रेमाने बोलायची, हे तर आणखीनच वैतागवाणं. कुणी तुसडेपणा केला असता तर भांडता तरी आलं असतं! शेवटी कुणीतरी केंद्राचा पत्ता दिला. रंगाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, आणि ज्यांचं तातडीचं नाही अशांसाठीच ते केंद्र. तिथेही रांग होतीच. पण एक दिवस नंबर लागला आणि सोबती आले.

सोबती म्हणजे काय, हे ताईला आधी कळलंच नाही. डॉक्टर नाहीत, समुपदेशक नाहीत. केंद्राने थोडं शिकवून तयार केलेलं एक साधं माणूस, जे आठवड्यातून एकदा येतं आणि बसतं. यांच्या वाट्याला आलेले सोबती निवृत्त बस ड्रायव्हर होते. भलामोठा देह, दुखरे गुडघे, खिशात एक संत्रं. पहिल्या गुरुवारी आले, खटपट्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, संत्रं सोललं, अर्धं त्याला दिलं, गुडघ्यांना शिव्या दिल्या आणि तासाभराने उठून गेले. ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या मनात आलं, यासाठी आपण एवढे उंबरठे झिजवले?

पण गुरुवारमागून गुरुवार गेले आणि एके दिवशी दोघं खाली पत्रपेट्यांपर्यंत जाऊन आले. मग कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत. आता ते दर गुरुवारी त्या स्टॉपच्या बाकावर बसायचे. बसमध्ये कधी चढायचे नाहीत. येणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला सोबती नावं ठेवायचे, “ब्रेक बघ कसा मारतोय, जसा काही बटाटे भरून चाललाय,” आणि खटपट्या ऐकायचा. एकदा म्हणे हसला. ताईने ते पाहिलं नव्हतं, सोबत्यांनी सांगितलं होतं. त्या ऐकीव हसण्यावर तिने महिना काढला होता.

आणि आता हा फुगा.

---

केंद्राचा फोन लागता लागेना. लागला तेव्हा “आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे” हे तिने इतक्या वेळा ऐकलं, की त्या मोलाच्या कॉलचा तिला वीट आला. दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि रंगाच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेली.

आत मॅडम एकट्याच होत्या. चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या. ताईने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

“ही आनंदाची बातमी कुणाची आहे, ते सांगता का जरा?”

मॅडमना चष्मा सापडला. त्यांनी मेसेज वाचला, कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. “आम्ही दर तीन महिन्यांनी फोनवरून विचारपूस करतो. मागच्या सोमवारी केला होता. त्यांनी स्वतःच तर सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

“‘आता कसं वाटतंय?’ याला उत्तर, ‘बरं’. ‘पूर्वीपेक्षा फरक आहे, असं धरायचं ना?’ याला उत्तर, ‘बरं’. ‘मग सोबत या महिन्यापासून थांबवली तर चालेल?’” मॅडम थांबल्या. “‘बरं’.”

ताईला हसावं की टेबल उलटं करावं कळेना. “अहो मॅडम, फोनवर कुणी ‘तुमचं घर विकून टाकू का’ असं विचारलं असतं, तरी तो बरंच म्हणाला असता!”

“म्हणजे?”

“म्हणजे ते बरं वाटतंयमधलं बरं नाहीये. आमच्या घरात विचारा कुणालाही. एक बरं म्हणजे ऐकलं. एक बरं म्हणजे आता पुरे, जा. आणि एक जरा लांबवून म्हणतो, ते म्हणजे तू म्हणशील तसं, पण मी काही करणार नाही. तब्येतीचं बरं त्याने आठ महिन्यांत एकदाही काढलेलं नाही. बाबा ‘लाज वाटत नाही का’ म्हणतात, तेव्हासुद्धा हा ‘बरं’ म्हणतो!”

मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी कपाळाला हात लावला. “आमच्याकडे तीनच रकाने आहेत. बरं, ठीकठाक, त्रास आहे. फोनवरची मुलगी नवीन आहे. ती विचारते, समोरचा बरं म्हणतो, ती ‘बरं’च्या रकान्यात खूण करते. तिला तरी काय बोलू?”

“मग आता बदला ना खूण.”

“मला नाही बदलता येत.”

“का?”

“माणूस स्वतः बोललाय. त्याच्या बोलण्यावर घरच्यांचं बोलणं चढवायचं नाही, हा आमचा नियम आहे. आणि तो उगीच नाही केलेला, ताई. घरचे काय काय सांगतात, ते आम्ही ऐकलंय. ‘त्याला काही कळत नाही, मी सांगते तेच लिहा’ म्हणणारी माणसं रोज येतात इथे.”

ताई नेमकं तेच म्हणणार होती. तिने ते गिळलं.

“एक करता येईल,” मॅडम म्हणाल्या. “परत फोन करायला सांगते. शनिवारी. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की सोबती हवेत, तर चालू ठेवू. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. बाजूला बसून शिकवायचं नाही. आणि नाही म्हणाले किंवा काहीच नाही म्हणाले, तर मात्र नाव रांगेच्या शेवटी जाईल. परत नंबर लागायला मागच्यापेक्षा जास्तच वेळ लागेल.”

“इतकी माणसं आहेत?”

“तुमच्या गुरुवारसाठीच एक बाई थांबल्यात. घरात त्या आणि पलंगाला खिळलेला नवरा. फार काही होत नाही त्यांना. रडतात फक्त, दुपारी. तातडीचं नाही.” मॅडमनी हे सांगताना डोळे चोळले. “सोबती अकरा आहेत माझ्याकडे. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

ताईला त्या दुपारी रडणाऱ्या बाईंचा राग आला. लगेच स्वतःचा आला. मग मॅडमचा, नव्या मुलीचा, आणि फिरून शेवटी खटपट्याचा. एक शब्द! एवढ्या मोठ्या भाषेतला दुसरा कुठलाही शब्द उचलायचा होता गाढवाने. पण मॅडमशी ती दवाखान्यातल्या आवाजातच बोलली. “शनिवारी आम्ही फोनची वाट बघतो,” असं म्हणून जिना उतरली.

---

त्या संध्याकाळी तिने घरात शाळा भरवली.

“हे बघ, शनिवारी फोन येईल. ती मुलगी विचारेल, कसं वाटतंय. तू काय म्हणायचं?”

खटपट्या खुर्चीत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर ते भाव, जे पाहिले की ताईला त्याला कुशीत घ्यावंसं वाटे आणि गदागदा हलवावंसंही वाटे.

“म्हणायचं, मला त्रास होतो. सोबती आले की मी खाली जातो. ते यायला हवेत. एवढंच. म्हण बघू.”

त्याने नजर भिंतीकडे वळवली.

“बरं, सगळं नको. नुसतं ‘मला सोबती हवेत’ म्हण. तीन शब्द आहेत.”

“बरं,” तो म्हणाला.

“बरं नाही! तेच तर नाही म्हणायचं! तो शब्द काढायचा नाही तोंडातून. कळलं?”

“बरं.”

पलीकडून बाबा टीव्हीच्या वरताण ओरडले, “काय चाललंय? काय म्हणतोय तो?”

“बरं म्हणतोय!”

“मग बरंच आहे की!”

ताईने हात टेकले. मग उचलले आणि कमरेवर ठेवले. तिचा आवाज चढत गेला, आणि एकदा चढायला लागला की तो मध्ये कुठे थांबत नसे. मी दिवसभर लोकांचे दात ऐकायचे, घरी येऊन तुझी ही मुकी खुर्ची ऐकायची. मी कुठे कुठे फिरले तुला माहितीये का? किती जणांच्या पाया पडले? तुला एक वाक्य बोलायला काय होतं? तोंडाला कुलूप लावलंय का कुणी? लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून गप्पा मारायचास ना, घाबरू नका म्हणून? आता स्वतः अडकलायस तर आतून एक हाक मारता येत नाही तुला? बाबा म्हणाले, “अगं, शेजारी ऐकतील.” ती म्हणाली, “ऐकू देत! त्यांना तरी कुणी फोन करून विचारा, कसं वाटतंय ते!”

खटपट्याने खुर्ची वळवली. आवाज न करता, चारही पाय उचलून, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसला. तिला फार वाईट वाटलं. पण वाईटाहून चीड जास्त होती, हेही खरं. तिने भांडी घासली आणि एकेक भांडं असं आपटलं, की बाबांना कुणी न सांगताच टीव्ही बंद करावा लागला.

दुसरा दिवस गुरुवार होता. ताई लवकर आली, सोबत्यांना गाठायचं म्हणून. दार उघडलं तर घर शांत. बाबा टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून कान पुढे करून बसले होते, कारण घरात परका माणूस. त्यांनी शर्टही घातला होता. तीसुद्धा सवयीने चपला हळू काढून आत आली आणि हळूच म्हणाली, “बसा ना, सरबत करते.” गुरुवारी घराला जरा वेगळंच वळण लागायचं. हा सोबत्यांचा पायगुण, असं तिने मनाशी धरलेलं होतं, आणि म्हणूनच तर ती त्यांच्यासाठी जिवावर उदार होऊन भांडत होती.

निघताना तिने त्यांना जिन्यात गाठलं. “तुम्हीच सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल. शनिवारी फोनवर नुसतं हवेत म्हण, म्हणावं.”

सोबत्यांनी कठडा धरला. ते अवघडले होते, आणि ते काही फक्त गुडघ्यांमुळे नव्हतं. “मला तसं सांगता येत नाही हो. मनाई आहे. मला ठेवा म्हणून मीच कसं सांगू?”

“तुम्हाला नाही वाटत यावंसं?”

“वाटतं तर. त्याला बसमधलं फार कळतं. आजच म्हणाला, त्या अमक्या बसचा दरवाजा पुढच्या आठवड्यात अडकणार. आवाजावरून.” ते एक पायरी उतरले, थांबले. “अडकेल तेव्हा बघायला मी असेन की नाही कोण जाणे,” असं म्हणाले आणि एकेक पायरी करत खाली गेले.

शुक्रवारी ताईने परत शिकवणी घेतली. या वेळी गोडीने सुरुवात केली. गोडी पाच मिनिटं टिकली. शेवट भांड्यांवरच झाला.

---

शनिवारी फोन आला. ताईने तो खटपट्याच्या समोर स्टुलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बोलायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. हातवारे करायचे नाहीत, असं काही म्हणाल्या नव्हत्या. बाबांना तिने आधीच शेजाऱ्यांकडे पेपर वाचायला पाठवलं होतं.

“नमस्कार, मी केंद्रातून बोलतेय,” मुलीचा आवाज कोवळा होता आणि घाबरलेला. तिला बहुतेक ओरडा बसला होता. “मागच्या वेळी माझ्याकडून जरा… म्हणजे, परत विचारायचं होतं. आता कसं वाटतंय तुम्हाला?”

“बरं.”

ताईने डोळे मिटले.

“हो, ते… ‘बरं’ सोडून काही सांगाल का? मला ‘बरं’ लिहायचं नाही असं सांगितलंय.”

ताईने हात हलवले, तोंडाने शब्दांचे आकार करून दाखवले. म-ला सो-ब-ती. खटपट्या तिच्याकडे बघत होता, शाळेत दुसऱ्याची परीक्षा चाललेली असताना खिडकीतून बघावं तसा.

मुलगी थांबली. तिला थांबायला शिकवलं असावं, आणि ते तरी बरोबर शिकवलं होतं. फोनमध्ये कुठेतरी पंखा घरघरत होता. रांगेचा शेवट ताईला डोळ्यांसमोर दिसायला लागला, आणि रांगेच्या त्या टोकाला ही खुर्ची, भिंतीकडे तोंड केलेली.

“सोबती गुरुवारी येतात ना?” मुलीने विचारलं. “ते यावेत असं वाटतं का तुम्हाला? हवं तेवढा वेळ घ्या.”

ताईच्या तोंडाशी शब्द आला होता. तिने ओठ दाताखाली धरले.

“गुरुवारी,” खटपट्या म्हणाला, आणि त्याचा आवाज किती दिवसांनी ऐकतोय असं ताईला वाटलं. घोगरा, न वापरलेला. “गुरुवारी ताई ओरडत नाही.”

“हं,” मुलगी म्हणाली.

“ते असतात ना घरात. म्हणून सगळे हळू बोलतात. टीव्ही पण हळू असतो. मग ते गेल्यावर पण थोडा वेळ तसंच राहतं. झोपेपर्यंत.” तो थांबला. इतकं बोलून त्याला धाप लागल्यासारखं झालं होतं. “त्या दिवशी खाली जाता येतं मला.”

पलीकडे मुलगी काहीतरी टाइप करत होती. “म्हणजे त्यांनी येत राहावं?”

“यावं.”

“ठीक आहे. मग मी ‘त्रास आहे’ असं लिहिते आणि चालू ठेवते. आणखी काही सांगायचंय?”

“नाही.”

फोन बंद झाला.

झालं होतं. हवं होतं ते झालं होतं. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि शिकवलं होतं त्याच्याहून कितीतरी जास्त सांगितलं होतं. ताईला आनंद व्हायला हवा होता. पण आधी तिच्या अंगाचा भडका उडाला. मी ओरडते? मी? या घरासाठी एकटी मरमर मरते, आणि आठ महिन्यांनी तोंड उघडलं ते एका परक्या मुलीजवळ माझी तक्रार करायला? ती चौकटीपासून सुटली, तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि छातीत श्वास भरून घेतला.

खटपट्याचे हात खुर्चीच्या कडेला गेले. वळवायला.

तिने ते पाहिलं. ते हात तिने रोज पाहिले असणार, पण ते कशासाठी तिथे जातात हे तिला आज कळलं. भरून घेतलेला श्वास आत तसाच राहिला. तो कुठे सोडावा तिला समजेना. लाज वाटली, इतकी, की उभं राहवेना. ती जमिनीवर बसली, त्याच्या पायांपाशी, स्टुलाला टेकून. राग अजून होताच. रडूही आलं. आवाज न करता रडायला फार कष्ट पडतात, तेही तिला आज कळलं.

त्याने खुर्ची वळवली नाही. हात कडेवर तसेच ठेवून तो वाट बघत राहिला. ती काही म्हणत नाही असं पाहून थोडा वाकला आणि समजावल्यासारखं म्हणाला, “ताई, आज शनिवार आहे.”

“माहितीये मला,” ती हळू आवाजात म्हणाली.